सावंतवाडी ते जुने गोवे, पायी

सावंतवाडीच्या मिलाग्रीस चर्चपासून जुन्या गोव्याच्या बॉम जेझू बासिलिकेपर्यंत साधारण 65 किलोमीटर. आम्ही ते तीन मुक्कामांत चालतो. तिथे ज्यांचे अवशेष आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियरचे, म्हणजे सायबाचे, फेस्त (सण) 3 डिसेंबरला आणि नोव्हेना, म्हणजे आधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना, 24 नोव्हेंबरपासून. फेस्ताच्या दिवशी पोहोचणे आम्ही टाळतो, कारण त्या गर्दीत दमलेला माणूस प्रार्थनेआधी सावली शोधतो. नोव्हेनेच्या मधल्या एखाद्या दिवशी मिस्साही (चर्चमधली उपासना) निवांत मिळते आणि कुमसारही, म्हणजे पाद्रीपुढची पापकबुली.

पाठीवर चार किलोपेक्षा जास्त नको. दोन जोड कपडे, चादर, लिटरची बाटली, टॉर्च, जपमाळ. ‘असू दे, लागेल’ म्हणत भरलेली पिशवी बांदा यायच्या आतच खांदे सोलते. बायबलातल्या रानात इस्राएल लोकांनाही मान्ना, म्हणजे देवाने दिलेले अन्न, त्या-त्या दिवसापुरताच गोळा करायचा होता, शिल्लक ठेवला त्यात किडे पडले. औषधांना मात्र हा नियम लावू नये, ती दोन दिवसांची जास्तच घ्यावीत. ‘देव बघेल’ म्हणून मधुमेहाच्या गोळ्या घरी ठेवून येणारे असतात. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतानाने सुचवले तेव्हा येशूने साफ नकार दिला होता, हे त्यांना आठवण करून द्यावे लागते.

पहाटे चारला निघायचे, दहाच्या सुमारास थांबायचे, पुन्हा चारनंतर अंधार पडेपर्यंत. नोव्हेंबर सरत आला तरी कोकणातले दुपारचे ऊन घामटा काढते. बांदा, पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी, मग मांडवी ओलांडून पणजी. बहुतेक वाट 66 नंबरच्या महामार्गाची, म्हणून समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेने, एकेरी रांगेत. पहिल्या आणि शेवटच्या माणसाच्या अंगात चमकणारे जाकीट. पणजी ते रायबंदर हा 1630च्या दशकातला पोर्तुगीज बांध मात्र सपाट आणि सरळ आहे, तिथे पाय आपोआप उचलतात.

जपमाळ मोठ्याने म्हणतो ती भक्तीसाठी, पण चाल मोजायलाही ती उत्तम. ‘नमो मरिये’चा पहिला अर्धा पुढचा म्हणतो, उरलेला बाकीचे. मागून येणारे उत्तर विरळ झाले की चाल जास्त झाली असे समजून वेग उतरवायचा. पाच दशकांना, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या पाच फेऱ्यांना, वीस मिनिटे, तेवढ्यात दीड किलोमीटर सहज होते.

फोड येतो तो घाम आणि घासण्याने. त्यामुळे नवे बूट नकोत, नखे दोन दिवस आधी कापलेली हवीत, टाचेला आणि बोटांमध्ये व्हॅसलीन, दर थांब्यावर मोजे बदलून ओले पिशवीला टांगायचे. आलेला फोड फोडू नये, वरून पट्टी लावावी. मधुमेह असलेल्यांचे पाय दुसऱ्याने तपासायचे. ‘काकी, पाय दाखवा बघू’ म्हटले की त्या लाजतात, तरी सोडायचे नाही. सुन्न पायाला जखम कळत नाही. जेवण म्हणजे उकड्या तांदळाची पेज, मीठ आणि लोणचे. ओआरएसची पुडी पूर्ण लिटरभर पाण्यातच घालावी. अर्ध्या पेल्यात ढवळून पिणाऱ्याला उलटी होते आणि दोष पुडीला जातो.

आता नवसाचे. ‘नोकरी लाव, मग पायी येतो’ हा व्यवहार झाला आणि वाडीतल्या सोसायटीचे कर्जही याहून सौम्य अटींवर मिळते. ज्याच्या थडग्यापाशी आपण मागणी घेऊन जातो तो 6 मे 1542 ला गोव्यात उतरला, आजाऱ्यांची आणि कैद्यांची सेवा केली, आणि चीनमध्ये जायचे म्हणून निघाला तो 3 डिसेंबर 1552 ला किनाऱ्यालगतच्या शांगचुआन बेटावर तापाने गेला. चीन समोर, पण पाऊल पडले नाही. मागितलेले न मिळालेला हा माणूस आहे, हे ठाऊक असले की मागणीचा सूर बदलतो.

ज्याच्या घरी आजारपण, कर्ज किंवा मरण झाले आहे त्याच्या जोडीला पहिल्या दिवशी एकच माणूस चालतो, ऐकणारा. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य आमच्याकडे बंद आहे. बायबलात सर्वस्व गमावलेल्या इयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले होते, बिघडले ते तोंड उघडल्यावर. नवसाला वाहायचे मेणाचे हात-पाय आणि मोठ्या मेणबत्त्या घेण्याऐवजी एक लहान मेणबत्ती, उरलेले पैसे एका पाकिटात. पाकिटावर नाव नाही. त्यातून कोणाचे डायलिसिसचे जाणे-येणे, कोणाच्या मुलाची फी.

बासिलिकेत पहिल्यांदा येणारे थोडे निराश होतात, ते आधीच सांगितलेले बरे. संताच्या अवशेषांची चांदीची पेटी संगमरवरी चौथऱ्यावर उंच आहे, हात पोहोचत नाही. अवशेष दहा वर्षांतून एकदा खाली आणतात. गेल्या वेळचे दर्शन 5 जानेवारी 2025 ला संपले.

परत बसने. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर पाकिटे उघडायची आणि भेटीसाठी अडचणीतली घरे वाटून घ्यायची, प्रत्येक घराला दोघे, ठरलेल्या वारी. पहिल्या महिन्यात सगळेच उत्साहात जातात, गळती जानेवारीत लागते, म्हणून तेव्हाची नावे आत्ताच लिहून ठेवायची. हातात काही न्यायचे असेल तर तांदूळ न्यावेत. नाताळात केक त्या घरी आधीच तीन आलेले असतात.