बाई आणि आई

आई जाऊन महिना झाला. आज तिचं कपाट आवरायला घेतलं. कपडे पटकन झाले, अडकले ती खालच्या कप्प्यात. हॉस्टेलमधून मी लिहिलेली पत्रं! आणि प्रत्येकावर तिच्या लाल पेनाच्या खुणा. मी ‘आणी’ लिहायचे. ती ‘णी’भोवती गोल करून समासात ‘णि’ काढायची. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, पण ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद, हे तिने वर्गात किती वेळा घोकून घेतलं असेल!

चौथीत तीच माझी वर्गशिक्षिका. शाळेत ‘बाई’, घरी ‘आई’. एकदा भर वर्गात तोंडून ‘आई’ निघालं. पोरं खिदळली. ती फळ्यावर लिहीतच राहिली, कान मात्र लाल झालेले. (मार्क देताना माझ्याच वेळी तिचा हात आखडायचा. तो राग अजून आहे थोडा.)

दुपारी तिचा एक जुना विद्यार्थी आला, पन्नाशीचा. फोटोसमोर उभा राहिला आणि नकळत हाताची घडी घातली.

शेवटच्या पत्रावर एकही खूण नाही. चुका आहेत, मी मोजल्या, ३. तेव्हा तिला कमी दिसायला लागलं होतं, की मुद्दाम सोडून दिल्या, कोण जाणे.