उंदीर शेवटच्या परिच्छेदात असतो

'काय ओ, तुम्ही इतकी वर्षं पेपरात काढली की, मग विज्ञानाच्या बातम्या अशा उलट्यासुलट्या का येतात?' हा प्रश्न मला अनगोळच्या कट्ट्यापासून खानापूरच्या बसस्टँडपर्यंत कुठंही गाठतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. लोकांना वाटतं, पेपरवाल्यांना विज्ञान कळत नाही. तेही आहेच. पण माझ्याच हातच्या चुका मोजायला बसलो, तर जास्त दोष कात्रीच्या नावावर निघतो.

बेळगावच्या एका दैनिकात मी रात्रपाळीला उपसंपादक होतो. एजन्सीची इंग्रजी बातमी दहाच्या पुढं हातात यायची आणि निपाणी-चिकोडीकडं जाणारी आवृत्ती अकराला सुटायची. महत्त्वाचं वर, बारीकसारीक खाली, अशी बातमीची बांधणी. जागा कमी पडली की खालून कापायचं. अपघात, मोर्चा, मार्केट यार्डातला कांद्याचा भाव, यांना ते चालतं. विज्ञानाच्या बातमीत मात्र 'हा प्रयोग उंदरांवर झाला', 'माणसांवरच्या चाचण्या अजून व्हायच्या आहेत' ही वाक्यं नेमकी तळाशी बसलेली असतात. एका रात्री उशिरा मोठी जाहिरात आली. मी खालचे दोन परिच्छेद उडवले आणि सकाळी छापून आलं, 'कॅन्सरवर औषध सापडले'. तीन दिवसांनी एक गृहस्थ ते कात्रण खिशात घालून ऑफिसात आले. बायको आजारी. औषध कुठल्या दुकानात मिळेल, एवढंच विचारत होते. मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. चहा मागवला होता, तो त्यांनी घेतला नाही.

(सीमाप्रश्नाची बातमी मात्र कुणी कधी खालून कापल्याचं मला आठवत नाही.)

आकड्यांचंही तसंच. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं, तेव्हा बहुतेक ठिकाणी मथळा होता, 'दक्षिण ध्रुवावर भारत'. यान उतरलं ते साधारण ६९ अंश दक्षिण अक्षांशावर. तिथून ध्रुव ६०० किलोमीटर लांब. म्हणजे बेळगावहून निघालेला माणूस बंगळूर मागं टाकून पुढं जाईल, इतकं अंतर. ध्रुवाच्या इतक्या जवळ आधी कुणीही अलगद उतरलं नव्हतं, ही गोष्ट काय लहान होती? पण 'जवळ' हा शब्द मथळ्यात मावत नाही. उद्यमबागेत लेथवर काम करणारा माझा शेजारी मायक्रॉनचा फरक पडला तर माल परत घेतो. आम्ही ६०० किलोमीटर सोडून दिले.

टीव्हीवाल्यांकडं तर कापायला खालचा परिच्छेदच नसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला कळते, असं चॅनेलवर रंगवून सांगत होते. खानापुरात बँकेच्या रांगेत माझ्या पुढं एक म्हातारे शेतकरी होते. ते म्हणाले, 'अन् तिला करंट कुठनं देतात?' स्टुडिओत बसलेल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. रिझर्व्ह बँकेनं सांगितलेल्या सुरक्षाखुणांत चिपचं नावही नव्हतं.

आणि एक कबुली. पारंपरिक औषधांवर संशोधन करणारी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, राष्ट्रीय संस्था आमच्याच गावात, नेहरूनगरला आहे. अमक्या पाल्यानं मधुमेह जातो, अशा बातम्या मी किती सोडल्या त्याला गणती नाही. त्या संस्थेला एकदाही फोन लावला नाही. नंबर टेबलावरच्या डायरीत होता.

आता निवृत्त आहे. आमच्याकडं मराठी पेपर येतो, लेथवाल्या शेजाऱ्याकडं कन्नड. मागच्या महिन्यात मधुमेहावरच्या नव्या गोळीची एकच बातमी दोन्हींत आली. आमच्यात मथळा ठसठशीत, मजकूर सहा ओळी. तो त्याचा पेपर घेऊन कुंपणाशी आला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, 'इकडं बघा, इलिगळ मेले. उंदरांवर म्हणे.'

त्यांच्याकडं त्या रात्री जाहिरात कमी आली असेल.