आठशेवर अडकलेला प्रोसेसर

"अहो, जरा बघता का? काल संध्याकाळी लावलेलं काम अजून चाललंय," असं म्हणत मॅडमनी लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. त्या संशोधक आहेत, मोठ्या आकडेमोडीचे प्रोग्राम एकामागून एक लावून ठेवतात. त्यांचा एक ठरलेला प्रोग्राम पाऊण तासात उरकायचा. आता त्याला तीन तासांहून जास्त लागत होते. दोन आठवड्यांपासून असं चाललं होतं आणि अहवाल द्यायची तारीख जवळ आली होती.

मी आमच्या संस्थेत संगणकांची देखभाल करतो. मशीन 'स्लो' झाल्याची तक्रार आली की मी आधी मेमरी आणि डिस्क पाहतो, बहुतेक वेळा दुखणं तिथेच सापडतं. इथे दोन्ही ठणठणीत होत्या. प्रोग्राम चालू ठेवूनच प्रोसेसरच्या चारही कोअरचा, म्हणजे आकडेमोड करणाऱ्या त्याच्या चार भागांचा, वेग पाहिला. ७९८, ७९८, ७९९, ७९८ मेगाहर्ट्झ. प्रोसेसर २.८ गिगाहर्ट्झचा, म्हणजे २८०० मेगाहर्ट्झचा, आणि टर्बोमध्ये, म्हणजे गरजेला जास्तीचा वेग घेऊन, ३.८ पर्यंत जाणारा. चारही कोअर १०० टक्के कामात होते आणि वेग मात्र आठशेवर खिळलेला.

आठशे हा आकडा सहज येत नाही. या पिढीतल्या इंटेल प्रोसेसरांचा मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि त्याला एका गुणकाने गुणून वेग ठरतो. २.८ गिगाहर्ट्झ म्हणजे गुणक २८. आठशे म्हणजे गुणक ८, सगळ्यात खालची पायरी. काम नसताना प्रोसेसरने तिथे उतरणं हे चांगलं लक्षण आहे, वीज आणि उष्णता दोन्ही वाचतात. इंटेलच्या जुन्या 'कोअर २' प्रोसेसरांच्या काळात २.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६ दाखवतो म्हणून घाबरलेले लोक मी पाहिले आहेत. तिथे मूळ ठोका २६६ चा, नऊऐवजी सहाने गुणला की १.६ होतात. थोडं काम दिलं की आकडा आपोआप वर जायचा आणि तक्रार मिटायची. म्हणून वेग नेहमी कामाच्या भाराखालीच बघावा. पण इथे भार होता, तरीही प्रोसेसर तळाशीच होता.

पहिला संशय उष्णतेवर गेला. या प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सिअसची. तिथे पोचला की तो स्वतःला वाचवायला वेग उतरवतो. सेन्सर ४४ अंश दाखवत होता. खरं तर तिथेच उष्णतेचा विषय संपायला हवा होता, पण मी सेन्सरवरच शंका घेतली. मागचं झाकण उघडलं, पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी जुनी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. सव्वा तास गेला. मशीन पुन्हा सुरू केलं, तापमान ४१ झालं आणि वेग तोच आठशे. समोर असलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता मी मनातल्या कारणामागे गेलो होतो, आणि तो सव्वा तास मॅडमच्या कामाचा होता.

मग वेगाचं धोरण पाहिलं. या मशीनवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वेग ठरवणाऱ्या नियंत्रकाला 'गव्हर्नर' म्हणतात. तो 'पॉवरसेव्ह'वर होता, 'परफॉर्मन्स'वर नेला, काही फरक पडला नाही. पेनड्राइव्हवरून वेगळीच सिस्टिम सुरू केली, तिथेही आठशे. म्हणजे दोष मशीनवर बसवलेल्या सिस्टिमचा नव्हता. बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून स्पीडस्टेप (कामाप्रमाणे वेग कमीजास्त करणारी सोय) आणि टर्बो दोन्ही चालू असल्याची खात्री केली. विजेच्या मर्यादाही तपासल्या. प्रोसेसरला किती वॅट खाऊ द्यायचे, हे दोन मर्यादांनी ठरतं, एक सततची आणि एक थोड्या वेळापुरती. दोन्ही जागच्या जागी होत्या.

दुपारी कळलं ते अगदी अचानक. मशीन शेजारच्या टेबलावर न्यायचं होतं म्हणून मी चार्जर काढला. प्रोग्राम चालूच होता, वेगाचे आकडे पडद्यावर दिसत होते. ते ३४०० वर गेले. मी जागीच थांबलो. चार्जर परत लावला, काही क्षणांत पुन्हा आठशे. काढला, चौतीसशे. तीन वेळा करून पाहिलं आणि तिन्ही वेळा तेच घडलं.

एरवी उलट होतं. बॅटरीवर मशीन जपून चालतं आणि चार्जर लावला की मोकळं होतं. इथे चार्जर लावला की प्रोसेसर आखडत होता. प्रोसेसर बिघडला असता तर बॅटरीवरही धावला नसता. म्हणजे तो धडधाकट होता, त्याला कोणीतरी 'थांब' सांगत होतं आणि तो ऐकत होता.

हा 'थांब' कुठून येतो, तेही बघता येतं. इंटेलच्या प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक संकेताची तार असते. नावावरून वाटतं तसा हा संकेत मुळात 'प्रोसेसर तापला' असं बाहेर कळवण्यासाठी आहे. पण तो दोन्ही दिशांनी चालू शकतो. मदरबोर्डवरचा छोटा नियंत्रकही तीच तार खाली ओढून प्रोसेसरला वेग उतरवायला लावू शकतो. त्या वेळी प्रोसेसर थंडगार असला तरी निमूटपणे तळाच्या पायरीवर जातो. उष्णतेची स्थिती नोंदवणारं एक रजिस्टर, म्हणजे शून्य किंवा एक अशा बिटांची छोटी नोंद, प्रोसेसरच्या आत असतं. ते वाचलं, तर स्वतःच्या उष्णतेचा बिट शून्य आणि प्रॉकहॉटचा बिट एक. तापमान खरंच कमी होतं, हुकूम बाहेरून येत होता.

आता चार्जर. मल्टिमीटर लावला, १९.५ व्होल्ट अगदी स्थिर. इथे पुष्कळ जण चार्जर निर्दोष ठरवून सोडून देतात आणि मीही क्षणभर सोडणारच होतो. पण मघाच्या प्रयोगात बॅटरी ६१ टक्क्यांवरून ५८ वर आली होती आणि चार्जर लावून बराच वेळ झाला तरी ५८ वरच होती. ती चार्जच होत नव्हती. मॅडमचं मशीन कायम टेबलावर, कायम चार्जरला जोडलेलं, त्यामुळे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. पुन्हा बायोसमध्ये गेलो आणि सकाळी ज्या पानाकडे पाहिलंच नव्हतं ते बॅटरीचं पान उघडलं. अ‍ॅडाप्टरच्या प्रकारापुढे लिहिलं होतं, 'अननोन'.

या जातीच्या चार्जरच्या गोल पिनच्या मधोमध सुईसारखी एक बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही, ओळख येते. चार्जरमधली एक छोटी चिप मशीनला सांगते की मी इतक्या वॅटचा आहे. ६५, ९० की १३०, हे कळलं नाही तर मशीन सावध पवित्रा घेतं. बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रॉकहॉटची तार ओढून प्रोसेसरला तळाशी बसवतं, म्हणजे चार्जर लहान निघाला तरी त्याच्यावर ताण येऊ नये.

खात्रीसाठी मी आणखी एक गोष्ट केली. बाहेरून येणारा प्रॉकहॉट ऐकायचा की नाही, हे ठरवणारा एक बिट प्रोसेसरमध्ये असतो. तो शून्य केला आणि चार्जर लावलेला असतानाच वेग चौतीसशेवर गेला. निदान पक्कं झालं. लगेच बिट पूर्ववत केला. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुष्कळ लोक इथेच थांबतात. विंडोजवर हाच बिट बदलणाऱ्या थ्रॉटलस्टॉप नावाच्या प्रोग्राममधली एक खूण काढतात, तो प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होईल असं करून ठेवतात आणि काम झालं म्हणतात. वेग येतो, हे खरं. पण बोर्ड ज्या कारणासाठी ओरडत होता ते तसंच राहतं आणि उद्या चार्जर खरोखर अपुरा असला, किंवा वीजपुरवठ्याचे भाग खरोखर तापले, तर प्रोसेसरला ते कळायची वाट बंद झालेली असते. तपासण्यापुरतं ठीक, पण दुसऱ्याच्या हाती द्यायच्या मशीनमध्ये मी असं कधीही ठेवणार नाही.

कपाटातून त्याच कंपनीचा, त्याच १३० वॅटचा दुसरा चार्जर काढून लावला. पानावर 'अननोन'च्या जागी '१३० वॅट' आलं, बॅटरी चार्ज व्हायला लागली आणि वेग चौतीसशेवर स्थिर राहिला. मॅडमचा प्रोग्राम नव्याने लावला. ४४ मिनिटांत संपला. त्या पूर्ण वेळ शेजारी खुर्ची घेऊन बसून होत्या. निकालाची फाइल आलेली पाहिली आणि "म्हणजे आज रात्री उरलेलं सगळं होईल," एवढंच म्हणाल्या.

जुन्या चार्जरची केबल नंतर पिनजवळ चिरून पाहिली. तिथे ती रोज वाकायची. जाड तारा शाबूत होत्या, मधली बारीक तार तुटली होती.

एक प्रश्न मात्र उरला होता. चार्जर ओळखता आला नाही की हे मशीन सुरू होतानाच पडद्यावर तशी सूचना देतं. मॅडमना विचारलं. "हो, येत होती की. रोज एक बटण दाबावं लागायचं. तुमच्याच विभागातून कोणीतरी येऊन ती बंद करून दिली." बायोसमध्ये अ‍ॅडाप्टरच्या सूचना खरोखरच बंद होत्या. आमची नोंदवही काढली. पंधरा दिवसांपूर्वीची ओळ सापडली: 'सुरू होताना येणारा मेसेज बंद केला. तक्रार मिटली.'

मी सूचना परत चालू केली आणि त्या ओळीखाली आजची तारीख घालून चार्जर बदलल्याचं लिहिलं. मग वही मागे उलगडून 'मेसेज बंद केला' अशा आणखी किती नोंदी आहेत, ते पाहायला बसलो.