सांबराचा स्कोप आणि माझी छर्‍यांची बंदूक

आजोबा गेल्यावर त्यांची रायफल ठाण्यात जमा झाली, पण तिच्यावरची नेम धरायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, घरीच राहिला. जुन्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत. बेळगावकडच्या खानापूरच्या जंगलात ते सांबरामागे जायचे म्हणे. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि ते सगळं थांबलं. त्यांच्या पायाखालच्या रानाचं २०११ मध्ये भीमगड अभयारण्यही झालं.

मला शिकारीचा सोस नाही. माझी साडेचार मिलिमीटर नळीची स्प्रिंगची एअरगन. ताकद २० ज्यूलच्या आत, म्हणून परवाना लागत नाही. परसात कागदावर नेम धरायचा, एवढंच. म्हटलं, आजोबांचा स्कोप चढवून बघू.

टेक्सासातल्या आतेभावाला फोन केला. तो तिकडे हंगामात हरणाच्या शिकारीला जातो. म्हणाला, "शंभर यार्डांवर दोन इंच वर लागेल असं लाव, मग दोनशेपर्यंत बघायला नको." माझं परसच जेमतेम वीस मीटर!

पहिल्या दिवशी कागद धुरकट दिसला, आणि डोळा जरा हलला की स्कोपमधली नेमाची फुली कागदावरून सरकायची. मोठ्या रायफलीचे स्कोप साधारण शंभर यार्डांसाठी जुळवलेले असतात, हे मला नंतर कळलं. छर्रे नेमाच्या सहा सेंटीमीटर खाली. नेम बदलायला स्कोपवरची चकती क्लिक-क्लिक फिरवायची; एक क्लिक म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, पण वीस मीटरवर दीड मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे चाळीसेक क्लिक! मी चार-चार फिरवून वैतागत होतो. त्यात चकतीवरचा बाण 'वर' दाखवतो म्हणजे फुली वर जाते असं समजून पहिले दहा उलटेच फिरवले. बाण छर्रा कुठे जाणार ते सांगतो.

एक छर्रा जांभ्याच्या गडग्यावर आपटून कानाजवळून परत आला. त्या संध्याकाळी मातीनं भरलेली चार पोती रचली आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा आला. गडग्यापलीकडून मावशी ओरडल्या, "काय रे, हरणं मारायलास की काय?"

तिसऱ्या रविवारी कागदावरच्या भोकांचा पुंजका चांगला जमला. पुढच्या दहा छर्‍यांत तो परत विस्कटला. स्कोप बंदुकीला धरणाऱ्या पकडीचे, म्हणजे माऊंटचे, स्क्रू आवळले, पुन्हा विस्कटला. मग स्कोपमधून पाहिलं तर फुलीच वाकडी! मोठी रायफल फक्त मागे धक्का देते. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे आदळतो, म्हणून बंदूक आधी मागे, मग पुढे झटका खाते. सांबराची रायफल सोसलेला स्कोप माझ्या खेळण्यानं मोडला.

आजोबांची क्षमा मागितली आणि एअरगनसाठीच बनवलेला स्कोप आणला. पुढची काच फिरवून अंतर दहा मीटरपासून जुळवता येतं, असा. बंदूक पोत्यावर घट्ट दाबायची नाही, तळहातावर सैल ठेवायची, हेही शिकलो. दाबली की प्रत्येक बार वेगळा उडतो. पाच छर्रे मारायचे, पुंजक्याचा मधला भाग मोजायचा, मगच हात लावायचा. एकेका छर्‍यामागे क्लिक फिरवणं म्हणजे आपल्याच सावलीमागे पळणं.

दोन सकाळी लागल्या, वारा उठायच्या आत. आता पाचही छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. स्क्रूच्या डोक्यापासून माऊंटपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची रेघ ओढली आहे. स्क्रू सैल झाला की रेघ तुटते. आजोबांचा स्कोप परत धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.