आरएक्सचा स्लो आणि बाबांचं बीपी मशीन

गाडी म्हणजे माळावर पळवायला केलेली यामाहाची टू-स्ट्रोक आरएक्स १००. ९८ सीसी, मिकुनीचा व्हीएम २० कार्बोरेटर (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणारा), मागचं स्प्रॉकेट मोठं, ऑइल पंप काढून नळीचं भोक बुजवलेलं. रोग असा: थंड असताना स्लो (रेस न देता इंजिन चालू राहतं ते) झकास. कोल्हापूरजवळ कात्यायनीकडच्या माळावर दहा मिनिटं दामटली की रेस सोडली तरी आवाज खाली यायचं नाव नाही. वरच लटकते, मग एकदम बसते आणि बंद. स्लोचा स्क्रू वाढवला तर पुढच्या वेळी नुसती किंचाळते.

पहिला रविवार कार्बोरेटरवरच गेला. पावसाळाभर गाडी उभी होती, त्यामुळे संशय पायलट जेटवर (स्लोचं पेट्रोल जातं ते बारीक भोक). जेट उजेडाकडं धरलं तर भोक अर्धचंद्रासारखं दिसत होतं. वायरीतली तांब्याची एक तार घालून साफ केलं (टाचणी नको, भोक मोठं होतं). कार्बोरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीच्या तळाला पाण्याचे थेंब. आपल्या जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल पेट्रोलमध्ये जातंय आणि ते पाणी ओढतं, तेव्हा उभ्या गाडीची वाटी रिकामी करून ठेवा.

फरक थोडा पडला, पण एअर स्क्रू पार आत घेतल्याशिवाय गाडी ठरेना. इथंच मला कळायला हवं होतं. हा स्क्रू हवेचा, आत घेतला की हवा कमी आणि मिश्रण जाड, म्हणजे पेट्रोल जास्त. पार आत घ्यावा लागतोय म्हणजे इंजिन कुठूनतरी जादा हवा पितंय. पण मी शहाणपणा केला आणि एक नंबर मोठं पायलट जेट घातलं. झालं, थंडीत भकभक, प्लग काळा, आणि गरम झाल्यावर लटकणं तसंच.

हवा कुठून शिरते ते शोधायला इनटेक रबरावर (कार्बोरेटर आणि इंजिन जोडणारं) साबणाचं पाणी मारून काही उपयोग नाही, चालू इंजिन तिथं हवा आत ओढतं, बुडबुडा येणार कुठून? इंजिन बंद करून आतून दाब द्यायला हवा. उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांकडून इनटेक रबरात बसेल असं बूच कातून घेतलं, त्यात सायकलचा वॉल्व्ह. मामा म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे, गाडी एकदा दाखवायला आण." सायलेन्सर काढून तिथं ट्यूबचा तुकडा आणि पट्टी आवळली, प्लग जागेवर, पिस्टन खाली. आणि पंप म्हणून बाबांचं बीपी मशीन.

"गाडीला बीपी झालं काय रं?" बाबा.

काटा २६० वर (मिलिमीटर पारा) नेला, म्हणजे टायरच्या हवेच्या मापात साधारण ५ पीएसआय. याच्या वर जाऊ नका, चांगला सीलही उलटायचा. अर्ध्या मिनिटात काटा शून्यावर! रबराभोवती साबण लावला, काही नाही. हेडला नाही, बुडाच्या पॅकिंगला नाही. मग पुलर लावून मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं, ठिणगीची वीज करणारं चाक) काढलं, प्लेट बाजूला केली आणि क्रँकच्या सीलभोवती (दांड्यावरची रबरी कडी) फेस सोडला; टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण क्रँकच्या पोकळीतूनच जातं, म्हणून इथूनही जादा हवा शिरते. खालच्या बाजूनं बारीक बुडबुड्यांची माळच सुटली, बासुंदीला उकळी फुटावी तशी.

जुना सील बारीक स्क्रू रुतवून ओढून काढला. ओठ प्लास्टिकसारखा कडक. नव्याच्या ओठाला ग्रीस लावून सरळ ठोकला. पुन्हा २६०. पाच मिनिटांनी २५०.

मोठं जेट काढून जुनंच घातलं. एअर स्क्रू दीड फेरा बाहेर, इंजिन गरम करूनच सेट केला. काल त्याच माळावर वीस मिनिटं पळवली, रेस सोडली की लगेच खाली येते आणि उभ्या उभ्या टकटक करत राहते. तसंच दामटत राहिलो असतो तर पातळ मिश्रणावर पिस्टन जाम झाला असता.

क्लचकडचा सील अजून जुनाच आहे. तो गेला की गिअरचं ऑइल आत ओढून पांढरा धूर येतो, सध्या तरी धूर नाही. पुढच्या रविवारी सायलेन्सर जाळून आतली काजळी काढून घेणार. बीपी मशीनच्या नळीला टू-टी ऑइलचा (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात घालायचं तेल) वास मारतोय, बाबांनी नवीन मागितलंय.