त्याला कोणी बस म्हणत नाही का?

बुधवार, रात्री साडेअकरा

काल रात्री आईला झोप लागत नव्हती म्हणून ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि मी जे पाहत होतो तेच तीही पाहू लागली. २ ऑक्टोबर १९८० रोजी लास वेगसमध्ये झालेली लढत चालू होती. एका बाजूला ३८ वर्षांचा मुहम्मद अली आणि समोर एकेकाळचा त्याचाच सरावातला जोडीदार लॅरी होम्स. आईला मुष्टियुद्धातले काही कळत नाही आणि कळावे अशी तिची इच्छाही नाही. तरी सात-आठ फेऱ्या तिने निमूटपणे पाहिल्या. अलीचे हात वर येत नव्हते, होम्सचा डावा जॅब, म्हणजे सरळ ठोसा, हवा तेव्हा त्याच्या तोंडावर बसत होता आणि तरीही अली उभाच होता. मी जरा अभिमानानेच म्हणालो, "बघ, एवढा मार खाऊनही पडत नाही." त्यावर ती म्हणाली, "ते दिसतंय रे. पण त्याला कोणी बस म्हणत नाही का?" आणि उठून झोपायला निघून गेली.

ते वाक्य आज दिवसभर माझ्या मागे लागले आहे. कचेरीत दोनदा हिशेब चुकला, तो त्यामुळेच चुकला असे मी मानून घेतले आहे.

माझी निळी वही घरात सर्वांना ठाऊक आहे आणि तिची थट्टाही सर्वांनी करून झाली आहे. हेवीवेट मुष्टियोद्ध्यांमध्ये सर्वांत कणखर हनुवटी कोणाची, म्हणजे ठोसे खाऊनही न पडणारा कोण, याची क्रमवारी मी गेली वीस वर्षे तीत मांडत आणि खोडत आलो आहे. त्यात पहिले नाव मात्र कधी बदलले नाही. टोरंटोचा जॉर्ज चुव्हालो व्यावसायिक कारकिर्दीत ९३ लढती लढला आणि त्यांपैकी एकाही लढतीत त्याची पाठ काय, गुडघाही जमिनीला लागला नाही. १९६६ मध्ये तो अलीसमोर पूर्ण १५ फेऱ्या उभा राहिला आणि १९७२ मध्ये पुन्हा १२ फेऱ्या. पुढे जगज्जेते झालेले जो फ्रेझर आणि जॉर्ज फोरमन यांच्याविरुद्धच्या लढती पंचांनी थांबवल्या, पण त्याही तो पायांवर उभा असतानाच. अलीशी झालेल्या पहिल्या लढतीनंतर अली इस्पितळात गेला आणि मी बायकोबरोबर नाचायला गेलो, असे तो पुढे मिश्कीलपणे सांगत असे. हे वाक्य मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवले आहे. आज ते वाचताना प्रथमच जाणवले की अलीविरुद्धच्या त्या दोन्ही लढती तो हरला होता, आणि ही नोंद मी शाई बदलून, फार बारीक अक्षरात केली आहे.

चुव्हालोखाली अली, त्याखाली व्हिताली क्लिच्को. व्हितालीही व्यावसायिक लढतीत कधी पडला नाही. त्याचे दोन्ही पराभव दुखापतीचे, एक खांद्याचा आणि दुसरा २००३ मध्ये लेनॉक्स लुईसच्या ठोशांनी फाटलेल्या पापणीचा, तोही गुणांवर पुढे असताना. अली पडला होता, हे खरे. १९६३ मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हुकने, म्हणजे बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने, १९७१ मध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरच्या हुकने. पण फ्रेझरच्या त्या हुकनंतर माणूस उठतो कसा, याचेच मला नवल वाटे, म्हणून तो दुसरा. १९७७ मध्ये अर्नी शेव्हर्सचे ठोसे १५ फेऱ्या सोसल्यावर अली म्हणाला होता की ते आफ्रिकेतल्या माझ्या नातलगांनाही जाणवले असतील. मी हेही लिहून ठेवले आहे. त्याच लढतीनंतर, आता थांब हा सल्ला कोणी ऐकेना म्हणून, त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको त्याला सोडून गेले, ही माहिती माझ्याजवळ तेव्हाही होती. ती मी लिहिली नाही, कारण वहीत तिच्यासाठी रकाना नव्हता.

हनुवटी कणखर म्हणजे काय, हेही मी दादाला एकदा फोनवर सविस्तर समजावले होते. ठोसा हनुवटीच्या टोकावर बसला की डोके गर्रकन वळते, मेंदू मागे राहतो आणि मग कवटीच्या आत पिळवटला जातो. मान जाड असेल, हनुवटी छातीशी दाबलेली असेल आणि मुख्य म्हणजे ठोसा येताना दिसला असेल, तर स्नायू आधीच आवळले जातात आणि वळण कमी होते. याचा अर्थ न पडणारा माणूस शुद्धीवर राहतो, एवढाच. त्याच्या मेंदूला काही होत नाही, असा याचा अर्थ नाही. जो पहिल्याच फटक्याला कोसळतो त्याची त्या रात्रीची मोजणी तिथेच संपते, आणि जो पडत नाही त्याला उरलेले सगळे ठोसे मिळतात. शिवाय सरावातले ठोसे कोणत्याच नोंदीत येत नाहीत. अली तर डीअर लेकच्या आपल्या छावणीत सोबत्यांकडून मुद्दाम मार खात असे. १९८४ मध्ये त्याच्या पार्किन्सनचे निदान जाहीर झाले. दादाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "तुझ्यासारखाच आहे म्हणायचा तुझा चुव्हालो. तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त आहोत." तेव्हा मला ती शाबासकी वाटली होती. तो फोन कोणत्या महिन्यातला, हे मी इथे लिहीत नाही.

आज दुपारी मात्र मला स्वतःची इतकी कीव आली की जेवणाचा डबा मी निम्मा परत आणला. वीस वर्षे मी उभे राहण्याचे गुण मोजत बसलो आणि घरच्यांनी माझे तेच मोजले, असा काहीसा तो विचार होता. या विचारात एक प्रकारचा गोडवाही होता, हे कबूल केले पाहिजे. संध्याकाळी बसमध्ये उभा असताना (जागा होती, तरी उभा होतो) मी नवा सिद्धान्त मांडला की पडणारेच शहाणे, आणि वही उलटी करून फ्लॉइड पॅटरसनला पहिला क्रमांक द्यावा. १९५९ मध्ये इंगेमार योहान्सनने त्याला एकाच फेरीत ७ वेळा पाडले. पुढच्याच वर्षी त्याने योहान्सनला हरवून किताब परत मिळवला, आणि हेवीवेटमध्ये तसे करणारा तो पहिलाच. मी सर्वांत जास्त वेळा पडलो असेन, पण उठलोही सर्वांत जास्त वेळा, असे तो म्हणे. पडण्याची लाजही त्याला इतकी होती की सनी लिस्टन या मुष्टियोद्ध्याकडून हरल्यावर तो खोटी दाढी लावून शिकागोहून निघाला. सिद्धान्त छान जमला होता. घरी पोहोचेपर्यंत आठवले की न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध आयोगाचे अध्यक्षपद पॅटरसनला १९९८ मध्ये सोडावे लागले, ते स्मृती दगा देऊ लागल्यामुळे. म्हणजे पडण्यानेही तो वाचला नव्हता. उलट फोरमन, ज्याला अलीने किन्शासामध्ये आठव्या फेरीत झोपवले आणि जो ३८व्या वर्षी परतल्यावर दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटातही स्टुलावर बसत नसे, तो ७६व्या वर्षापर्यंत हसतखेळत बोलत राहिला. वीस वर्षांच्या अभ्यासाला एका बसप्रवासात सुरुंग लागला याचे दुःख करावे, तर दुःख करण्याइतका तो अभ्यास होता कुठे, असे मनात आले आणि हसू फुटले.

मला ठोसा म्हणून जे मिळते ते मुख्यतः फोनवरून मिळते. फ्रेझरच्या हुकशी त्याची तुलना करणे हा फ्रेझरवर अन्याय आहे.

फ्रेझर माझ्या वहीत खाली, नवव्या क्रमांकावर आहे, कारण १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत ६ वेळा पाडले होते. आता जेवण झाल्यावर मी त्याची १ ऑक्टोबर १९७५ची मनिलामधली लढत पुन्हा लावली. चौदावी फेरी संपते तेव्हा त्याचा उजवा डोळा सुजून मिटलेला असतो आणि डावा तर मुळातच अधू. तरी त्याला पंधरावी फेरी हवी असते, तो स्टुलावरून उठू पाहतो. त्याचा गुरू एडी फच त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतो, बस बाळा, संपले आता. हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल. काल आईने विचारले तेव्हा नेमके तेच आठवू नये, याला काय म्हणावे? होम्सविरुद्धच्या त्या लढतीतही दहाव्या फेरीनंतर अलीचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने त्याला उठू दिले नाही, रिंगच्या कोपऱ्यात अलीला सांभाळणाऱ्या दुसऱ्या माणसाचा विरोध असूनही. आई दोन फेऱ्या आधी उठून गेली, नाहीतर तिला तिचे उत्तर पडद्यावरच मिळाले असते.

वहीत आणखी एक रकाना आखून त्याला 'कोपरा' असे नाव दिले आहे. त्यात फ्रेझरपुढे फच आणि अलीपुढे डंडी, दहाव्या फेरीनंतर, एवढे लिहून झाले. चुव्हालोपुढे काय लिहावे यावर बराच वेळ पेन धरून बसलो. त्याचे तीन मुलगे आणि त्यांची आई गेल्यानंतर तो शाळाशाळांतून मुलांना व्यसनांबद्दल सांगत हिंडला, आणि त्याला क्रमांक देण्यासाठी हनुवटीचा काही उपयोग होत नाही. त्याचे नाव वर आहे ते तसेच राहू दिले.

हे लिहीत असताना आई पाणी प्यायला उठली. दारातूनच तिने विचारले, "काल तो मग बसला का शेवटी?" मी म्हटले, "हो, दहाव्या फेरीनंतर बसवला त्याला." "बरं झालं. मग परत नाही ना उभा राहिला?"

मी नाही म्हणालो. डिसेंबर १९८१ मध्ये बहामाजमध्ये ट्रेव्हर बर्बिकविरुद्ध तो पुन्हा १० फेऱ्या उभा होता, हे तिला सांगितले नाही. तिने दिवा मालवला आणि गेली.