हशासाठी थांबणे

मागच्या महिन्यात नागपुरात सीताबर्डीवर एका शुक्रवारी दुपारचा खेळ पाहिला. थोडक्या पैशांत केलेला मराठी विनोदी चित्रपट होता आणि प्रेक्षागृहात आम्ही मोजून चौदा जण होतो. मागच्या रांगेतले एक काका सुरुवातीला दोनदा खळखळून हसले. मग आपल्याखेरीज कोणीच हसत नाही, हे ध्यानात येऊन तेही गप्प बसले. मला मनापासून वाईट वाटले, कारण कथेच्या मुळाशी खरोखरच गंमत होती.

असे चित्रपट पडले की पैसा कमी पडला, असे सर्रास म्हटले जाते. मला वाटते, पैसा कमी असल्यामुळे जी काटकसर करावी लागते, ती नेमकी चुकीच्या जागी केली जाते. चित्रीकरणाचा प्रत्येक दिवस महाग असतो, कारण कॅमेऱ्याचे व दिव्यांचे भाडे, युनिटचे जेवण आणि कलाकारांच्या तारखा हे सगळे दिवसावर मोजले जाते. त्यामुळे महिन्याभराचे काम पंधरवड्यात उरकायचे ठरते. पहिल्यांदा तालमी जातात. त्यामागोमाग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्याचे शॉट जातात, आणि हे नुकसान फार मोठे आहे, कारण प्रेक्षक पुष्कळदा बोलणाऱ्याच्या वाक्याला हसत नाही, ते वाक्य ऐकून समोरच्याचा चेहरा जसा पडतो त्याला हसतो. तो चेहरा टिपलेलाच नसेल तर संकलकाने काय जोडावे? मग प्रत्येक वाक्यामागे ‘टुंग’ किंवा ‘ढॅण’ असा आवाज टाकला जातो. आता हसायचे आहे, हे प्रेक्षकाला असे सांगावे लागले की तो हसत नाही.

दादा कोंडके यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ मध्ये आला, त्याच्या आधी त्यांनी वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याचे शेकडो प्रयोग केले होते, आणि ‘सोंगाड्या’चे लेखनही सबनीसांचेच होते. कोणत्या शब्दावर किती थांबायचे, हे त्या जोडीला प्रेक्षकांनी रात्रीमागून रात्री शिकवले होते.

हे शिक्षण आमच्या विदर्भात आजही डोळ्यांनी पाहता येते. दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक कंपन्या गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगावी जातात आणि नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. दोन वर्षांपूर्वी ब्रह्मपुरीकडच्या एका गावी कडाक्याच्या थंडीत घोंगडी पांघरून मी असे एक नाटक पाहिले. त्यातला विनोदी नट एक वाक्य बोलून थांबला, मांडवात हशा उसळला, तो ओसरू लागला तरी नट जागचा हलला नाही, आणि हशा पुरता विरण्याच्या क्षणभर आधी त्याने पुढचे वाक्य टाकले. दुसरा हशा पहिल्यापेक्षा मोठा होता. चित्रपटात अशी वाट पाहता येत नाही. किती थांबायचे ते संकलनाच्या टेबलावरच ठरवावे लागते. म्हणूनच ते आधी माणसांसमोर करून पाहणे जरुरीचे असते, आणि त्याला फारसा पैसाही लागत नाही.

नागपूरकर म्हणून एक गोष्ट मला विशेष खुपते. विनोद सुचला नाही की एखादे पात्र वऱ्हाडी किंवा नागपुरी बोलायला लावतात. ‘काय करून राहिला’ हे आमच्याकडे साधे रोजचे वाक्य आहे. भाजी घेताना, आजाऱ्याची विचारपूस करताना आम्ही तसेच बोलतो. ‘बे’ हा शब्द बरोबरीच्या दोस्ताला, फार तर धाकट्याला. पडद्यावरचे पात्र मात्र सासऱ्यालाही ‘काहून बे’ म्हणते, आणि बोली ज्यांची आहे ते प्रेक्षक तिथेच चित्रपटापासून तुटतात. आमची माणसे विनोदी आहेत, त्यांच्या बोलण्यात तिरकस गंमत भरपूर आहे. ती टिपायला इथे येऊन चार दिवस चहाच्या टपरीवर बसावे लागेल.

जाहिरातीला पैसा नसल्याने सगळे उत्तम विनोद ट्रेलरमध्येच खर्च होतात, हेही खरे. आणि हसणे संसर्गजन्य असल्यामुळे चौदा माणसांच्या प्रेक्षागृहात चांगला विनोदही एकटा पडतो.

धरमपेठेत राहणारा माझा एक मित्र सध्या अशाच छोट्या चित्रपटाची जुळवाजुळव करतो आहे. त्याच्या अंदाजपत्रकात ड्रोनसाठी दोन दिवस होते आणि तालमीसाठी एकही नव्हता. आम्ही त्यावर रात्री उशिरापर्यंत भांडलो. शेवटी त्याने ड्रोनवर काट मारली. येत्या रविवारी त्याच्या गच्चीवर पटकथेचे पहिले वाचन आहे. शेजारपाजारची वीस-पंचवीस माणसे येणार आहेत, आणि कुठे हशा आला, कुठे लोक नुसते बसून राहिले, ते पानापानावर टिपून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.